जुनेराची किंमत

मार्गशीर्ष लागून थंडी पडूं लागली कीं शहरी घरांत कपाटें रिकामीं करण्याची मोहीम निघते आणि जुन्या कपड्यांचीं गाठोडीं सातपुड्याकडे रवाना होतात. तोरणमाळचें पठार अकराशे मीटरांहून अधिक उंच, तेथील थंडी बोचरी. तेव्हां हेतु चांगलाच. परंतु गांठ सोडून पाहावें तर आंत झिरझिरीत ओढण्या, एकदांच नेसलेलीं टिकल्यांचीं पातळें, बटणें तुटलेले सदरे! डोंगर चढून लाकूडफाटा आणणाऱ्या बाईनें यांतलें काय अंगावर घालावें? तिकडील भिल्ल व पावरा मंडळी कपड्याविषयीं बेफिकीर असतात, असेंहि कोणी समजूं नये. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारांत तीं सणासाठीं नवें कापड पारखून घेतात.

पूर्वीं घरांतून असें गाठोडें निघतच नसे. आजींचें लुगडें मऊ झालें कीं त्याचीं दुपटीं होत, मग गोधडी, शेवटीं पोतेरें. उरलेंसुरलें बोहारणीला, आणि एका पातेल्यासाठीं तिच्याशीं तासभर घासाघीस. (सौदा आपणच जिंकला, अशी दोन्हीं बाजूंची समजूत असे.) मुंबईंत हा धंदा मुख्यत्वें गुजरातेंतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रियांनीं संभाळला. घेतलेला कपडा निवडावयाचा, धुवावयाचा, उसवला तेथें टांका घालावयाचा, इस्त्री करून बाजारांत मांडावयाचा. अगदींच टाकाऊ असेल त्याची चिंधी यंत्रें पुसण्यास जाते.

आतां मोबाइलवर बोट टेकविलें कीं स्वस्त कपडा दारीं येतो आणि दोन धुण्यांत विटतो. त्यांतला पुष्कळसा पॉलिएस्टरचा : घाम टिपीत नाहीं, गोधडीच्या कामाचा नाहीं, मातींत कुजतहि नाहीं. सुती घ्यावा, तर एका सदऱ्यामागें सुमारें २७०० लिटर पाणी खर्ची पडतें असा अंदाज आहे. तोरणमाळच्या पायथ्याशीं, शहादें-नंदुरबारकडे कापूस पिकविणाऱ्यांस त्या पाण्याचें मोल सांगावयास नको.

म्हणून जुना कपडा विकत घ्यावा, असें आमचें मत आहे. ‘दुसऱ्याच्या अंगावरचा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं आपल्या बाळाचें पहिलें झबलें कोणाच्या लुगड्याचें होतें, हें घरांत विचारावें. मजुरांच्या बाजारांत शिरून तेथील भाव मात्र आपण चढवूं नयेत. आप्तांतच देवघेव करावी, पण मोल देऊन. एकत्र कुटुंबांत धाकट्या जावेच्या वाट्यास थोरलीचें उतरलेलें नेहमींच येतें. तिला तें आवडलें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. चार पैसे मोजले म्हणजे तिला निवड करतां येते, नकोहि म्हणतां येतें. अंशु गुप्ता यांनीं १९९९ सालीं स्थापलेली ‘गूंज’ संस्था खेड्यांतून कपडा भीक म्हणून न देतां गांवच्या कामाचा मोबदला म्हणून देते, त्यांतहि हीच जाण आहे.

घेतांना कॉलर व काखेची शिवण उजेडांत धरून पाहावी. घरीं आणल्यावर कढत पाण्यांत धुवून दोन उन्हें द्यावीं. आणि तोरणमाळास कांहीं पाठवावयाचेंच असेल, तर तेथील शाळेस आधीं पत्र घालावें : मुलें कोणत्या वयाचीं, स्वेटर किती, घोंगड्या किती. उत्तर येईपर्यंत गाठोडें बांधूं नये.