मोटारींतील पडदा आणि चालकाची नजर

मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घरांतील थोरांपासून पोरांपर्यंत सर्वजण हल्लीं प्रथम पाहतात तो पुढील बाजूचा संगणकाचा पडदा. तो जितका मोठा तितकी गाडी उंची, असा समज रूढ होऊं लागला आहे. रस्ता दाखविणारा नकाशा, टेलिफोन, गाणीं, थंड हवा, सारा कारभार त्या एका पडद्यावर एकवटला आहे. ही सोय आम्ही नाकारीत नाहीं. पण ती चालकाची सोय आहे काय, हा खरा प्रश्न होय.

साधा हिशेब करून पाहावा. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारें ४४ मीटर अंतर तोडते. तेवढा वेळ नजर पडद्यावर खिळली, तर तेवढा रस्ता डोळे मिटून कापल्यासारखाच झाला. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्यानें २०१३ सालीं कारखानदारांस जीं मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं, त्यांचा मथितार्थ हाच कीं, रस्त्यावरून नजर एका वेळीं सामान्यतः दोन सेकंदांहून अधिक हटूं नये, व एक काम एकंदर बारा सेकंदांच्या पाहण्यांत उरकावें.

जुन्या बटणांचा गुण येथेंच दिसतो. बटण बोटांस ओळखतां येतें. गुळगुळीत कांचेवर मात्र डोळ्यांवांचून बोटांचें चालत नाहीं. मोटारींची पारख करणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेनें २०२६ पासूनच्या कसोट्यांत दिशादर्शक दिवे, भोंगा, वायपर इत्यादींकरितां स्वतंत्र बटणें वा दांडे असण्यास महत्त्व दिलें आहे, तें म्हणूनच. तोंडानें हुकूम सोडण्याची युक्तीहि सर्वस्वी निर्दोष नव्हे. यूटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेयर व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ सालीं दाखविलें कीं, असा हुकूम सोडून झाल्यावरहि, कांहीं यंत्रांच्या बाबतींत, चालकाचें मन २७ सेकंदांपर्यंत पूर्ववत् ठिकाणावर येत नाहीं.

आपल्याकडील २०२० च्या सुधारित नियमानुसार चालकानें हातांतील फोन केवळ रस्ता पाहण्यापुरताच, व तोहि लक्ष ढळणार नाहीं अशा रीतीनेंच वापरावयाचा आहे. परंतु नियम गाडींत येऊन बसत नाहीं. घरचीं माणसें बसतात. मुक्कामाचें ठिकाण निघण्यापूर्वींच नोंदवावें, वाटेंत पडद्याचें काम शेजारीं बसलेल्यानें करावें, आणि गाडी चालविणाऱ्या मुलास वा सुनेस ‘कोठवर आलां?’ असें घरून विचारण्याचा मोह वडीलधाऱ्यांनीं आवरावा. गाडी निवडतांना पडद्याची लांबी मोजण्यापेक्षां, त्याकडे न पाहतां किती कामें होतात तें मोजणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.