दुखतंय कुठे, ते आधी सांगा

बोईसरमध्ये कुणी घसा दुखतोय म्हणालं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "रात्री कंपनीने गॅस सोडला होता का?" केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या क्रमवारीत इथली तारापूर औद्योगिक वसाहत देशात सर्वांत प्रदूषित ठरली होती, त्यामुळे हा प्रश्न वावगा नाही. पण संध्याकाळी ज्यूडो, जिउ-जित्सू किंवा एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या) क्लासला जाणाऱ्या मुलाला आवंढा गिळताना दुखत असेल, तर दुसरा प्रश्नही विचारा: काल मॅटवर कुणी तुझा गळा आवळला होता का?

पालघर-बोईसरकडे पूर्वी मार्शल आर्ट म्हणजे कराटे असंच समीकरण होतं. आता मोबाइलवर एमएमएच्या लढती बघून मुलं क्लासला येतात आणि त्यांना पहिल्याच आठवड्यात चोक, म्हणजे गळा आवळण्याचा डाव, शिकायचा असतो. शिकावा, जरूर शिकावा. अंगाने लहान असलेली मुलगी आपल्या दुप्पट वजनाच्या माणसाला आवरू शकते, अशा थोड्या विद्यांपैकी ही एक आहे. माझी तक्रार आहे ती "दुखणारच, सवय होईल" या उत्तराबद्दल. मांडी दुखत असेल तर ते उत्तर चालेल, गळ्याला ते लावता येत नाही.

पाठीमागून घातलेला चोक नीट बघा. कोपराची आतली खोबण बरोबर हनुवटीखाली येते. एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला मनगटाकडचा हात, आणि घाटी, म्हणजे कंठमणी, मधल्या पोकळीत मोकळी. दाब पडतो तो मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर. श्वास चालूच असतो. १९४३ साली अमेरिकेत मानेभोवती फुगवायचा पट्टा बांधून यावर प्रयोग झाले होते. रक्त थांबल्यावर माणसं साधारण ५ ते ११ सेकंदांत बेशुद्ध झाली. असा बरोबर बसलेला चोक फारसा दुखत नाही. डोकं जड होतं, कान बंद झाल्यासारखे वाटतात, नजर आक्रसते आणि शुद्ध जाते.

आता तोच हात दोन बोटं सरकला आणि मनगटाचं हाड घाटीवर आलं, की भयंकर दुखतं. त्या कळेपायी समोरचा लगेच टॅप करतो, म्हणजे थाप मारून हार मानतो, आणि आवळणाऱ्याला वाटतं, जमलं! प्रत्यक्षात त्याने स्वरयंत्राची कूर्चा चेपलेली असते. म्हणजे जिथे शुद्ध जाणार तिथे वेदना नाही, आणि जिथे वेदना आहे तिथे चोक चुकलेला. दुखेल तेव्हा टॅप करू, असं ठरवून बसलेला मुलगा दोन्हीकडे फसतो. चोक बसतोय असं कळताच टॅप करायचं, हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं.

दुसऱ्या दिवशीचं दुखणंही असंच जागेवरून ओळखायचं. मानेच्या बाजूचे आणि मागचे स्नायू धरले असतील, मान वळवताना ओढ बसत असेल, तर हनुवटी छातीशी दाबून केलेल्या प्रतिकाराचा तो शीण आहे, दोन-तीन दिवसांत उतरतो. गणवेशाच्या कॉलरने कातडी सोलवटली असेल तर तीही भरून येते. पुढून, घाटीवर बोट लावताच दुखत असेल, गिळताना टोचत असेल, तर गळा बरा होईपर्यंत त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. आणि ज्याने आवळला त्यालाही सरांनी बाजूला घेऊन हात कुठे ठेवायचा ते पुन्हा दाखवावं. एकाच मुलाच्या जोडीदारांचे गळे वारंवार दुखत असतील, तर दोष त्या गळ्यांचा नाही.

इथे आपल्या आखाड्यांचा अनुभव पुरत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. मान कमावणं वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. पण खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ज्या फ्रीस्टाइल कुस्तीत पदक घेतलं, तिच्यात गळा आवळायलाच बंदी आहे. ज्यूडोत तो डाव मान्य आहे, म्हणून त्याची शिस्तही तिथेच घडली. आजही आंतरराष्ट्रीय ज्यूडो स्पर्धेत पट्ट्याने किंवा नुसत्या बोटांनी गळा आवळता येत नाही. कॅडेट, म्हणजे किशोर गटातला खेळाडू चोकमध्ये बेशुद्ध झाला तर त्याला त्या स्पर्धेत पुढे खेळू देत नाहीत. आणि आपल्याकडे क्लासमध्ये शुद्ध हरपलेल्या मुलाला पाणी पाजून पुढच्या जोडीसमोर उभं करतात!

सरावात चोक शेवटपर्यंत न्यायची गरजच नसते. हात जागेवर बसला, थोडा दाब दिला, सोडला. शिकायचं ते एवढ्यात शिकून होतं. टॅप मॅटवर करण्यापेक्षा जोडीदाराच्या अंगावर करावा. फोमच्या मॅटवरची थाप पंख्यांच्या आणि गाण्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. हात अडकले असतील तर पाय आपटावा, तोंडाने "सोड" म्हणावं. आणि समोरचा ढिला पडला की टॅपची वाट न बघता सोडावं. सरांची नजर जास्तीत जास्त दोन जोड्यांवर राहते. वीस जोड्या एकदम चोक करत असतील तर तिथे कुणीच बघत नसतं.

एवढं करूनही कुणी बेशुद्ध झालाच, तर आडवं झोपवा, श्वास बघा, ओकारी आली तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका, थोबाडीत मारू नका. बहुतेक जण काही सेकंदांत डोळे उघडतात. अर्ध्या मिनिटात नाही उघडले तर १०८ला फोन करा. शुद्धीवर आला तरी त्या दिवसाचा सराव संपला.

कंपनीतली चाळिशी ओलांडलेली मंडळीही हल्ली क्लासला येऊ लागली आहेत. त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. रक्तदाब, कोलेस्ट्रॉल, रक्त पातळ करण्याची गोळी यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गळ्यावर चोक घेऊ नये. मानेच्या धमनीच्या आतल्या भिंतीवर थर साचला असेल तर दाबाने त्याचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. रात्रपाळी करून न झोपता येणाऱ्याने त्या दिवशी नुसती मूव्हमेंट करावी.

तरुणांतही क्वचित धमनीचं आतलं अस्तर फाटतं. मानेच्या एका बाजूला किंवा डोक्यात नवीच, न थांबणारी कळ येते, एक पापणी खाली येते, चक्कर येते, बोलताना जीभ अडखळते. हे चोकनंतर काही तासांनी होऊ शकतं, काही दिवसांनीही. यातून येणाऱ्या पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडचा गंभीर रुग्ण वापी, सिल्वासा नाहीतर मुंबई गाठतो. महामार्गावर मनोरच्या पुढे काय कोंडी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी बघू म्हणून थांबण्याइतका वेळ इथे नसतो. आवाज बसणं, श्वास घेताना घरघर, गळ्याच्या कातडीखाली कुरकुर लागणं, यालाही थांबायचं नाही. आणि दवाखान्यात गेल्यावर गळा आवळला होता, कधी आणि कसा, हे आपणहून सांगा. मार लागल्याचं गळ्यावर बाहेरून दिसेलच असं नाही, आणि डॉक्टरही बोईसरचेच असतात, घसा म्हटल्यावर त्यांनाही आधी गॅसच आठवतो.