किणकिणत्या गिटारींची कॅसेट: गाणी निवडण्याविषयी एक मत

वाचकहो, आजचा धागा तह, सनदा आणि ताम्रपटांपासून बराच दूर जाणार आहे. विषय आहे १९८० च्या दशकातील अमेरिकी कॉलेज रेडिओ आणि त्याच्या आधाराने वाढलेले ‘जँगल पॉप’. (या ‘जँगल’चा जंगलाशी संबंध नाही. अर्थ किणकिणाट.) या गाण्यांची ९० मिनिटांची एक कॅसेट भरायची झाली, तर माझे मत ठाम आहे: गाणी केवळ नादाच्या सारखेपणावरून निवडू नयेत. ती ऐकणाऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली, हे पाहून निवडावीत.

आधी नाद समजून घेऊ. बारा तारांच्या गिटारीत तारा जोडीने असतात. खर्जाकडील चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा एक सप्तक वर लावलेली असते. उरलेल्या दोन जोड्या एकाच स्वरात. जोडीतल्या दोन तारा तंतोतंत कधीच जुळत नाहीत आणि त्या सूक्ष्म फरकातून तो लकाकता नाद उमटतो. १९६४ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील रिकेनबॅकर कंपनीची अशी विद्युत गिटार बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती आली. ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटात ती पाहून लॉस एंजेलिसच्या ‘द बर्ड्स’मधील रॉजर मॅग्विनने तिचा ध्यास घेतला. पुढे आर.ई.एम.च्या पीटर बकने सहा तारांच्या रिकेनबॅकरवर तोच परिणाम साधला: सगळ्या तारा एकदम न छेडता एकेक स्वर सुटा वाजवायचा आणि तो पुढच्या स्वरात विरघळू द्यायचा.

नादापुरती गोष्ट एवढीच असती, तर कोणतेही ॲप ही कॅसेट भरून देईल. देतेही. आर.ई.एम., द स्मिथ्स, द बँगल्स, आणि पुन्हा आर.ई.एम. ऐकायला काही वाईट नाही. पण हा जेत्यांचा इतिहास झाला. ज्यांची पुढे मोठ्या कंपन्यांशी सोयरीक जमली ते यादीत, आणि ज्यांच्यामुळे ती जमू शकली ते बाहेर.

मग वाट कोणती होती? तिचे मूळ एका सरकारी निर्णयात आहे, आणि मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत रोचक भाग हाच वाटतो. १९४५ साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एफएम पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग शैक्षणिक, अव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवला. १९४८ पासून अवघ्या १० वॅट शक्तीच्या केंद्रांनाही परवाने मिळू लागले. १० वॅट म्हणजे घरातल्या एका मंद दिव्याइतकी शक्ती! तेवढ्यावर महाविद्यालयाचा परिसर आणि आजूबाजूच्या चार गल्ल्या व्यापता येत. १९७८ मध्ये आयोगाने धोरण फिरवले. १० वॅटच्या केंद्रांचे संरक्षण काढून घेतले आणि निदान १०० वॅटपर्यंत जाण्याचा दट्ट्या लावला. अनेक केंद्रांनी शक्ती वाढवली. विद्यार्थ्यांचा आवाज परिसराबाहेर, गावात ऐकू जाऊ लागला. त्याच वर्षी या केंद्रांवर काय वाजते याची नोंद छापणारे ‘सीएमजे’ हे पत्रक न्यूयॉर्क राज्यात सुरू झाले. रात्री दोन वाजता एखाद्या विद्यार्थ्याने लावलेली तबकडी आता दुसऱ्या टोकाच्या गावातल्या विद्यार्थ्याला नावानिशी कळू शकत होती. जाहिरातदार नसल्यामुळे ‘हे गाणे खपेल का’ हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. दशकभराचे संगीत या तीन गोष्टींवर उभे राहिले, असे मी म्हणतो. गिटारीचा क्रमांक त्यानंतरचा.

आता कॅसेटची पहिली बाजू. आरंभ मी द बर्ड्सने करणार नाही. १९६६ सालच्या ‘लव्ह’ या बँडच्या पहिल्या अल्बममधील एक गाणे आधी येईल. बँड लॉस एंजेलिसचाच, नाद बर्ड्सच्या घराण्यातला, आणि त्याचा नायक आर्थर ली कृष्णवर्णीय. पुढच्या दशकांत या प्रकारातील नावे जवळपास सगळी गोऱ्या मुलांची आहेत. कॉलेज रेडिओच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाताना त्या स्वातंत्र्याला कुंपण कोणाचे होते, हेही कॅसेटमधून ऐकू आले पाहिजे.

त्यानंतर मेम्फिसचा ‘बिग स्टार’. १९७२ चा त्यांचा पहिला अल्बम समीक्षकांनी उचलून धरला, पण वितरणाचा असा बोजवारा उडाला की दुकानात तबकडीच सापडेना. पुढच्या पिढीतील वादकांनी ती शोधून काढली. १९८६ मध्ये बँगल्सनी त्यांचे ‘सप्टेंबर गर्ल्स’ स्वतःच्या अल्बमवर घेतले, तेव्हा १४ वर्षांपूर्वी फसलेला हा बँड लाखो घरांत पोहोचला. मूळ गाणे आणि बँगल्सचे गाणे, दोन्ही घ्यावीत. जागा वाया जाते, हा आक्षेप मला मान्य नाही.

आर.ई.एम. अर्थातच हवेत. मात्र ‘रेडिओ फ्री युरोप’ घ्यायचे ते १९८१ चे, हिब-टोन या चिमुकल्या कंपनीने काढलेले. १९८३ च्या ‘मर्मर’साठी ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले, ते अधिक नेटके असेल, पण जे विद्यार्थ्यांच्या हाती आधी पडले ते पहिले. ते मिच ईस्टरच्या उत्तर कॅरोलिनातील घरगुती स्टुडिओत, आईवडिलांच्या गॅरेजमध्ये मुद्रित झाले होते. ईस्टरच्याच ‘लेट्स ॲक्टिव्ह’चे एक गाणे लगेच पाठोपाठ लावावे. न्यू जर्सीच्या ‘द फीलीज’ला विसरू नये, त्यांच्या १९८६ च्या अल्बमच्या निर्मितीत पीटर बकचा हात होता, म्हणजे ऋण फेडले गेले.

ब्रिटनवर मी फार रेंगाळत नाही. तेथे ही भूमिका बीबीसीवरील जॉन पील आणि संगीत-साप्ताहिकांनी बजावली. ‘एनएमई’ने १९८६ मध्ये काढलेली २२ गाण्यांची ‘सी८६’ ही कॅसेट त्याचा दाखला. वाट वेगळी, म्हणून तिची वेगळी कॅसेट व्हावी.

दुसरी बाजू दक्षिण गोलार्धाची. १९८१ मध्ये क्राइस्टचर्च येथे फ्लाइंग नन ही कंपनी निघाली. त्याच वर्षी ड्युनेडिनच्या ‘द क्लीन’ने सुमारे ५० डॉलरांत मुद्रित केलेले ‘टॅली हो!’ न्यूझीलंडच्या यादीत १९ व्या क्रमांकावर चढले. दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या होमस्टेड कंपनीने या मंडळींच्या तबकड्या अमेरिकेत काढल्या. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे ‘द गो-बिट्वीन्स’ही हवेत. त्या शहरात १९७५ पासून विद्यापीठाच्या आवारातून ‘फोर ट्रिपल झेड’ हे केंद्र चाले, तेही ब्येल्की-पीटरसन सरकारने रस्त्यावरचे मोर्चे बंद केले त्या काळात. १९८८ च्या डिसेंबरात विद्यार्थी संघटनेच्याच नव्या पदाधिकाऱ्यांनी केंद्राला जागेबाहेर काढले. ही नोंद वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला हसावे की रडावे कळत नाही.

‘हे सगळे छंदिष्टांचे लाड आहेत’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे अलीकडचे. २०११ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोचे केयूएसएफ एफएमवरून एकाएकी बंद झाले. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने केटीआरयूची ध्वनिलहर ९५ लाख डॉलरांना विकली आणि नॅशव्हिलच्या डब्ल्यूआरव्हीयूचे एफएम प्रसारणही थांबले. विद्यार्थी इंटरनेटवर गेले, तेथे ते वाजवतातही. पण गाडी चालवताना चुकून काटा ८८ ते ९२ च्या दरम्यान थांबावा आणि अनोळखी गाणे कानी पडावे, ही शक्यता त्या गावांत आक्रसली. कोणत्या रात्री कोणी काय लावले, याच्या हस्तलिखित नोंदवह्या हे तर आपल्या अर्थाने अस्सल साधन. केंद्र हलले की असले कागद सर्वांत आधी रद्दीत जातात, हे कोणत्याही दफ्तरखान्यात काम केलेल्याला सांगावे लागू नये.

शेवटचे गाणे ‘द चिल्स’चे ‘पिंक फ्रॉस्ट’, १९८४. बँडचा तरुण ढोलवादक मार्टिन बुल आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ही तबकडी त्याच्या स्मृतीस अर्पण आहे. यानंतर दोनएक मिनिटांची फीत उरेल. ती कोरीच ठेवावी.

तुमच्या मते एखादे गाणे राहिले असेल, तर खाली अवश्य लिहा. मात्र नुसते नाव नको. वर्ष, तबकडी काढणारी कंपनी आणि ते तुमच्यापर्यंत कोणामुळे आले, हेही लिहा.