नेट नको, फोन हवा

पारोळ्यात माझं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. धुळ्याकडची आणि जळगावकडची, दोन्हीकडच्या खेड्यांतली गिऱ्हाइकं येतात. त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट ठामपणे सांगतो: मोबाइल कंपन्यांनी पॅक असे बांधलेत की ज्याच्या खिशात पैसा कमी, त्यालाच महिना महाग पडतो.

आमच्याकडे शेतीची लाइन कधी दिवसा, तर कधी रात्री. म्हणून कपाशीवाल्यांनी, तापीकाठच्या केळीवाल्यांनी विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवले. पेटीत एक सिम असतं. घरून फोन लावला की मोटर चालू होते आणि लाइट आली की पेटीच मालकाला कळवते. त्या सिमला ना व्हिडिओ पाहायचे, ना गाणी ऐकायची. तरी दर 28 दिवसांनी त्यात नेटसकट पॅक मारायचा. नाही मारला तर आधी फोन जाणं बंद, मग येणंही बंद. मग निघा रात्री बॅटरी घेऊन बांधावरून.

पूर्वी हे नव्हतं. थोडा बॅलन्स असला तरी इनकमिंग चालू राहायचं. 2018च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली, तीही 35 रुपयांपासून. जुलै 2024च्या दरवाढीनंतर 28 दिवसांचा सगळ्यात लहान पॅक जिओचा 189चा आणि एअरटेलचा 199चा झाला. जिओभारत फोनसाठी स्वस्त पॅक आहे, पण तो त्याच फोनवर चालतो. स्टार्टरच्या पेटीला त्याचा काय उपयोग?

सुमारे 15 कोटी लोक अजून साधा फोन वापरतात, हे दूरसंचार नियामक संस्था असलेल्या ट्रायनेच नमूद केलं. डिसेंबर 2024मध्ये तिने नियम केला की ज्याला नेट नको, त्याच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवावाच लागेल. महिन्याभरात पॅक आले: जिओचा 458चा, एअरटेलचा 499चा. ट्रायने ‘तपासतो’ म्हटल्यावर ते 448 आणि 469वर उतरले.

मेख मुदतीत आहे. हे पॅक 84 दिवसांचे, नाहीतर थेट जवळपास वर्षाचे. 84 दिवसांच्या पॅकचा हिशेब केला तर 28 दिवसांना साधारण दीडशे रुपये पडतात, म्हणजे लहान पॅकपेक्षा चाळीसेक रुपये कमी. पण वाचतात कोणाचे? जो एकदम साडेचारशे काढून देतो त्याचे. निंदणीला जाणाऱ्या एका बाईंचा मुलगा सुरतेला असतो. त्या बटणाचा फोन काउंटरवर ठेवून म्हणतात, “भाऊ, माले नेट काय करनं शे? पोऱ्याना फोन उना म्हंजे झायं.” मजुरी आठवडी बाजाराला हाती पडते. त्यातून तेल-मीठ-किराणा झाला की साडेचारशे उरतात कुठे? मग त्या लहान पॅक मारतात. सोबतचं दोन जीबी नेट न वापरताच संपतं.

रिचार्जच्या अ‍ॅपवरही तोच कारभार. उघडलं की वर रोजच्या दीड-दोन जीबीचे पॅक, ‘लोकप्रिय’ असा शिक्का मारलेले. फक्त कॉलचा पॅक खाली सरकत, दुसऱ्या रकान्यात जाऊन शोधावा लागतो. मी धंद्यातला म्हणून मला सापडतो. घरून स्वतः रिचार्ज करणाऱ्याला तो असल्याचंच कळत नाही. माझं कमिशन टक्केवारीवर असतं, त्यामुळे मोठा पॅक खपला तर मलाही चार पैसे जास्तच मिळतात. तरी हे लिहितोय.

कंपन्या म्हणतात, टॉवर उभारायला, फाइव्ह-जी आणायला पैसा लागतो आणि आपले दर जगात स्वस्त आहेत. दोन्ही खरं. पण फाइव्ह-जीचा खर्च विहिरीवरच्या पेटीकडून का काढायचा? जो नेट वापरतो त्याच्याकडून घ्या.

दर ठरवायची मोकळीक ट्रायने कंपन्यांना दिली आहे, ती राहू दे. मुदतीत मात्र ती हात घालू शकते. 2022मध्ये तिनेच प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा निदान एक पॅक ठेवायला लावला होता. तसंच आता फक्त कॉलचा महिन्याचा पॅक सक्तीचा करावा आणि अ‍ॅपच्या पहिल्या पानावर तो दिसलाच पाहिजे, असंही बजावावं. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरू शकणाऱ्यालाच मिळणारी सवलत गरिबाच्या नावावर मांडू नये.