सुरी आपल्या मुलीच्या हातात का नको?

पेडण्यात काय, डिचोलीत काय, मुलीला बांबोळीला एमबीबीएसची सीट मिळाली की घरोघर पेढे जातात. साडेचार वर्षांनी, इंटर्नशिपला लागल्यावर, तीच म्हणते, ‘मला सर्जरी करायची आहे.’ आणि पेढे वाटणाऱ्यांचीच तोंडं उतरतात. ‘स्किन घे, डोळ्यांचं घे. रात्री-बेरात्रीची ड्यूटी, वर तीन वर्षं रेसिडेन्सी. मग लग्न कधी?’

मी विचारते, मुलाची तीन वर्षं अशी मोजता का? त्याच्या बाबतीत ते शिक्षण, तिच्या बाबतीत वय निघून जाणं!

दुसरी सबब खास आपल्या घरांतली. ‘आपण मुंगीसुद्धा वाचवतो, आणि पोरीनं माणसं कापायची?’ अहो, तत्त्वार्थसूत्रात हिंसा प्रमादाशी, बेफिकिरीशी जोडली आहे. रोग्याला वाचवायला जपून चालवलेल्या सुरीत प्रमाद कुठे? अपेंडिक्स सुजलं की आपणही सर्जनकडेच धावतो. म्हणजे दुसऱ्याच्या मुलानं कापलेलं चालतं. रात्रिभोजनाची अडचण खरी. पण त्यावर उपाय सूर्यास्ताआधी पोचणारा डबा, मुलीचा विषय बदलणं नव्हे.

आणि नुकसान कुणाचं होतं? गावातली बाई छातीतली गाठ महिनोन्‌महिने पदराआड लपवते, कारण ‘पुरुष डॉक्टरला कशी दाखवू?’ गाठ थांबत नाही. 1842 साली पणजीत निघालेल्या वैद्यकीय शाळेच्या नावातच शस्त्रक्रिया होती: एस्कोला मेडिको-सिरुर्जिका. 1886 साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. इतक्या वर्षांनीही ‘बाई सर्जन आहे का हो?’ हे बायकांनी कुजबुजत विचारायचं?

मुलींनो, तुम्हालाही सांगते. नीट-पीजीत पर्याय निवडायचे असतात. त्यातून सीट मिळते, हात तयार होत नाही. म्हणून इंटर्नशिपचं अख्खं वर्ष लायब्ररीत घालवू नका. कॅज्युअल्टीत थांबा, टाके घालायला मागून घ्या. पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी पुन्हा काढा. घरी कपाच्या कानाला दोरा बांधून गाठी मारा, डाव्या हातानंही. ‘सर्जरी बायकांना झेपत नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका. पुढच्या ऑपरेशनला हात धुऊन उभ्या राहा.

आणि आयांनो, स्थळं येतील. ‘रेसिडेन्सी संपल्यावर बघू’ हे वाक्य मुलीनं नव्हे, तुम्ही म्हणायचं आहे. तेवढं म्हणा.