गाळ काढा, पण वर पाहा!

पूर आला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘निसर्गाचा कोप!’ दुसरा म्हणतो, ‘नदीतला गाळ काढा!’ पहिल्या पक्षाला हल्ली ‘हवामानबदल’ हा भारदस्त शब्द सापडला आहे. पूर्वी तो हात जोडून आभाळाकडे पाही. आता हात झटकून पाहतो. माझे भांडण दोघांशीही आहे. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु डोंगरावरचे पाणी खाली येताना माती घेऊन येते, एवढे समजायला पदवी लागत नाही.

वाशिष्ठीचेच पाहा. सह्याद्रीवरून धावत सुटलेली ही नदी चिपळूणच्या सपाटीवर आली की मंदावते. समोरून दाभोळच्या खाडीतली भरती तिला अडवते. चाल मंदावली की पाण्याला माती पेलत नाही. ती तळाशी बसते. पात्र उथळ झाले की पाणी गावात शिरते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ बुडाली. १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातले ग्रंथ भिजले. २००५ च्या पुरातही भिजले होते. त्याच दिवशी शेजारच्या सावित्रीच्या खोऱ्यात तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. आपण या दोन वेगळ्या बातम्या म्हणून वाचल्या. मला ती एकच बातमी वाटते. डोंगर खाली येत आहे. कुठे एका रात्रीत, कुठे मुठीमुठीने.

पाऊस बदलला, हे खरे आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते, आणि धरलेले कधी तरी एकदम ओतते. २०२१ च्या त्याच पुरात महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महिनाभराच्या रिपरिपीने जेवढी माती जात नाही, तेवढी अशा एका रात्रीत जाते.

खोटे वाटत असेल तर अंगणात मुलांनी केलेला किल्ला पाहा. त्यावर झारीने पाणी शिंपडा. माती ओली होईल, पण बुरूज उभे राहतील. तेवढेच पाणी बादलीने ओता. बुरूज पायथ्याशी येतील. मात्र ज्या उतारावर अळीव पेरून ते उगवले आहे, तिथली माती सहज सुटणार नाही. आता आभाळ बादलीने ओतणार आहे हे कळल्यावर शहाणा माणूस अळीव उपटील काय?

आपण उपटतो आहोत. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक रान खासगी मालकीचे. व्यापारी येतो, उभा डोंगर उक्ता मागतो, आणि करवत चालू होते. मालकाला शिव्या देणे सोपे आहे. पण मुलीचे लग्न निघाले, घरात दुखणे आले, तर त्या गरिबाला झाडाखेरीज ठेव कोणती? झाड तोडले तर पैसे मिळतात. राखले तर काय मिळते? त्यातच रस्त्यासाठी डोंगर उभा कापायचा, निघालेली माती ओढ्याच्या तोंडाशी लोटायची, आणि पावसाळ्यात ‘दरड कोसळली’ म्हणून हळहळायचे!

गाळ काढू नका, असे मी म्हणत नाही. चिपळूणकर त्यासाठी उपोषणाला बसले, ते योग्यच केले. ज्याच्या माजघरात पाणी शिरते त्याला ‘धीर धर’ म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण उपसलेला गाळ काठावर रचला, तर पुढच्या आषाढात तो पुन्हा पात्रात येतो. समुद्राची पातळीही चढते आहे. उद्या भरती आणखी आत येईल आणि माती आणखी वर बसेल. भोक बुजवल्यावाचून होडीतले पाणी किती वर्षे उपसणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. गाळ उपसण्याच्या प्रत्येक रुपयातले चार आणे तरी डोंगरावर खर्चा. झाड राखणाऱ्याला उभ्या झाडाचा मोबदला द्या. तीव्र उतारावरची तोड बंद करा. रस्त्याची माती ओढ्यात टाकणाऱ्याकडूनच ती काढून घ्या.

हवा तापवण्याचे पाप साऱ्या जगाचे आहे. त्याचा न्याय दूरदेशीच्या परिषदांत व्हायचा तेव्हा होवो. पण आपल्या डोंगरावरचे झाड कोणत्या परिषदेने तोडले?