भाजी पिकवणाऱ्या गावाचं ताट

"भाजी आमच्याच शेतात पिकते, आम्हाला कोण शिकवणार?" निमगाव साव्यात किंवा जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात कुठेही आहाराचा विषय काढला, की हे उत्तर ठरलेलं. ऐकायला रास्त आहे, पण टिकत नाही. कुकडीचं पाटपाणी आलं आणि ऊस, कांदा, टोमॅटोनं शिवार व्यापलं. त्यावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र बाजरीतली तूर-मटकी-अंबाडीची इरवड (मिश्र पीक) गेली. वाफ्यात आपसूक उगवणारी तांदुळजा, पाथरी, घोळ तणनाशकानं जाळली. टोमॅटोची क्रेटं नारायणगावच्या मार्केटला जातात आणि घरात बटाटा, वांगं, चपाती, भात यांवर आठवडा निघतो. पिकवलं म्हणजे खाल्लं, असं होत नाही.

दुसरे म्हणतात, वैविध्यानं आतड्याचं आरोग्य राखणं हे परदेशी खूळ आहे. पण त्याला आधार आहे. 'अमेरिकन गट प्रोजेक्ट' (गट म्हणजे इंग्रजीत आतडं) या प्रकल्पाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातले जीवाणू, दहा किंवा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा अधिक विविध आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, तीस हा काही मंत्र नाही. पण कारण समजण्यासारखं आहे. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. सगळ्या जीवाणूंना एकच तंतू चालत नाही, म्हणून ताटात वैविध्य हवं.

त्यासाठी परदेशी बिया आणि महागड्या पावडरी कशाला? जुन्नरची मासवडी बघा. हरभऱ्याच्या पिठाच्या पारीत तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर. रश्श्यात मिरची, सोबत बाजरीची भाकरी. गरम मसाला मोजलाच नाही, तरी एका जेवणात आठ वनस्पती झाल्या. हुलग्याची शेंगोळी, भोगीची मिसळीची भाजी हेही त्याच घराण्यातलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमही नाहीत. बाजरीला गरिबाचं धान्य म्हणून हिणवणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

"कडधान्यानं पोट फुगतं," ही तक्रार मात्र खरी आहे. सवय नसलेल्या आतड्यात तंतू आंबताना वायू होतोच. हुलगे-मटकी भिजवून, ते पाणी टाकून देऊन, मोड आणून नीट शिजवावी. सुरुवातीला वाटीभर नको, दोन चमचे पुरेत. आतड्याचा जुना आजार असेल त्यानं आधी डॉक्टरांना विचारावं.

राहिला खर्चाचा मुद्दा. उसाच्या कडेची एक-दोन सऱ्यांची जागा सोडली तर अंबाडी, घेवडा, शेवगा, कढीपत्ता तिथेच होतो. कांद्याच्या एखाद्या वाफ्यावर तणनाशक मारलं नाही, तर तांदुळज्याला बी विकत आणावं लागत नाही.